पंचवीस, सव्वीस

निळ्या पुठ्ठ्याची चार घड्यांची वही,
आत गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली एक साल.
बाबा गेल्यावर ऑर्वोनं होडी घेतली, बंदूक घेतली
आणि म्हणाला, ही चिल्लर तुला.

वायनो कोस्केला. सडबरीच्या खाणीत एकतीस वर्षं.
शनिवारी टेबलावर सुटे पैसे ओतून
वरून चुंबक फिरवायचे.
पाच सेंट टक्कन चिकटले की म्हणायचे,
हे आपल्या पायाखालचं.
बेचाळीसचं पितळी नाणं, बारा कोनांचं, चिकटत नसे.
त्या वर्षी निकेल लढाईवर गेलं होतं,
असं सांगायचे, जणू निकेल म्हणजे
शेजारच्यांचा थोरला.

त्रेचाळीसच्या कडेला ठिपके आणि रेघा, तारेची लिपी.
नख फिरवून त्यांनी मला वाचून दाखवली:
राजीखुशीनं राबलो तर जिंकू.
आणि हसले.
का हसले, ते मला संप म्हणजे काय
हे कळल्यावर कळलं.

विकत घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम.
फिरत फिरत हाताशी येईल तेच आपलं.
सगळ्या खाचा भरल्या, दोन उरल्या.
पंचवीस, सव्वीस.
ही दोन आता कुणाच्याच खिशात फिरत नाहीत.
मी बहात्तरची. वाट बघायला
मला कोण अजून पन्नास वर्षं देणार?

म्हणून थेरियोच्या दुकानात गेले, एल्म स्ट्रीटवर,
बर्फात बूट आपटत.
त्यानं मखमलीवर दोन सव्वीस ठेवले.
एकात सहाचा आकडा मेपलच्या पानाला लगटून,
दुसऱ्यात केसभर लांब.
त्या केसभर अंतराचे
माझ्या महिन्याच्या किराण्याएवढे पैसे.
मी लगटलेला घेतला. पंचवीसही घेतला,
राजाची दाढी पार गुळगुळीत झालेली.
थेरियोनं बिल जवळच्या पाच सेंटांवर आणलं.
एक सेंट बंद झाल्यापासून
देशातला सगळ्यात लहान पैसा हाच.

घरी येऊन दिवा ओढला, भिंग घेतलं.
पंचवीसच्या खाचेच्या तळाशी
मी जन्मभर मळ समजत आले, ती पेन्सिल होती.
आईचं अक्षर, मुंगीएवढं. हीवा.
आमच्या बोलीत यीस्ट.
सव्वीसच्या तळाशी: टपाल तिकीट.

अठ्ठावन्न साल. सप्टेंबर ते नाताळ
बाबा फाटकावर, पिंपातल्या जाळाशी.
आई घरात. तिनं वही उघडली असणार
आणि पहिल्या ओळीतून काढत गेली असणार,
डावीकडून, जशी ती बटाटे काढायची.
दुर्मीळ कोणतं, साधं कोणतं, तिला काय ठाऊक.
पण काय आणलं ते लिहून ठेवलं.
लेंपी उधारी विसरत नसे, स्वतःच्या घरातलीसुद्धा.

यावर दोघांचं बोलणं झालं का?
माझ्या कानावर तरी नाही.
बाबांनी एवढंच केलं:
संप मिटल्यावर पुन्हा शनिवार, पुन्हा चुंबक.
आणि अक्षरं खोडली नाहीत.

पंचवीस हातात धरून बसले आहे.
अंगठ्यानं दाबलं की खटकन बसेल.
वही पुरी होईल, आणि हीवा झाकलं जाईल.
कुणाला लिहिलं होतं ते पत्र?
पोर्ट आर्थरच्या मावशीला? पैसे मागायला?
तिकीट आहे, पत्र नाही.

रात्रीचे अकरा. बाहेर बर्फाचा नांगर
रस्ता खरवडत गेला.
मी दोन्ही नाणी बशीत ठेवली,
फळं सोलायची सुरी आणली
आणि बाबांनी भरलेला चोवीस
कडेनं उचकटला. पुठ्ठा थोडा फाटला.

खाली पेन्सिल आहे. कार्की.
लिमलेटची गोळी.

तेव्हा मी पाच वर्षांची.
रडले असेन. चव आठवत नाही.

आता बावीस आणि तेवीस.